सूर्याच्या मागे लागलेलं पॅनेल

हवामान खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने निदान स्वतःच्या घरात तरी हवेविषयी बोलू नये. अंदाजरावांना हे लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच कळायला हवं होतं, पण ते बोलत राहिले. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते खिडकीशी उभे राहत, घसा साफ करत आणि दिवसाचं भविष्य जाहीर करत. ‘आज कडक ऊन!’ असं त्यांनी म्हटलं की वहिनी हातातला पिळा तसाच धरून क्षणभर त्यांच्याकडे बघत आणि निमूटपणे आतल्या खोलीत दोरी बांधायला घेत. ‘आज पावसाची दाट शक्यता!’ असं म्हटलं की पुन्हा क्षणभर बघत आणि मग घरातल्या जाड चादरी काढून भिजवत. दुर्दैव असं, की वहिनींचं धुणं कधी भिजत नसे. बायकोचा आपल्यावर पूर्ण विश्वास आहे, फक्त तो उलट्या बाजूने आहे, असा निष्कर्ष अंदाजरावांनी फार पूर्वीच काढला होता, आणि त्याचं त्यांना मनापासून वाईट वाटत असे.

अंदाजराव हे त्यांचं खरं नाव नव्हे हे सांगायला नकोच. खरं नाव पत्रपेटीवर होतं, पण ते आता पोस्टमनसुद्धा वाचत नसे. इमारतीतल्या लोकांनी हे नाव ठेवलं तेव्हा ते रागावले, मग रुसले आणि शेवटी त्या नावाने हाक मारली की ‘ओ’ देऊ लागले. निवृत्ती जवळ आली होती. घड्याळ मिळेल, शाल मिळेल, चार शब्द बोलले जातील. त्यांना त्यातलं काहीच नको होतं. निवृत्त होण्याआधी निदान एकदा, फक्त एकदा, बायकोने आपल्या शब्दावर विसंबून दोरीवरचे कपडे काढावेत किंवा घालावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. माणसाच्या इच्छा वयाबरोबर किती लहान होत जातात बघा. पण ही इच्छा पुरी होण्याआधी मध्येच ते पॅनेल आलं.

पॅनेल आलं ते साडूभाऊंमुळे. साडूभाऊ म्हणजे वहिनींच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जगातल्या कुठल्याही प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर असे आणि ते उत्तर बहुधा खिळ्याच्या आकाराचं असे. त्यांनी घराच्या छपरावर सौरऊर्जेचं पॅनेल बसवलं आणि ते दाखवायला मुद्दाम सगळ्यांना शिडीवर चढवलं.

“खिळा ठोकला, विषय संपला,” हात झटकत साडूभाऊ म्हणाले.

“पण सूर्य फिरतो,” अंदाजराव शिडीच्या मधल्या पायरीवरून म्हणाले.

“फिरू दे की. मी त्याला कुठे अडवलंय?”

“सकाळी तुमच्या पॅनेलला अर्धवट ऊन, संध्याकाळी अर्धवट ऊन. नीट मिळणार ते फक्त दुपारी. माझं पॅनेल सूर्याबरोबर तोंड वळवणार आहे.”

हे वाक्य बोलून होईपर्यंत अंदाजरावांकडे पॅनेल नव्हतं, पॅनेल घेण्याचा विचार नव्हता आणि ते ठेवायला जागाही नव्हती. पण खाली शिडी धरून मेहुणी उभी होती, तिच्या शेजारी वहिनी उभ्या होत्या, आणि दोघींनी ते ऐकलं. मोठमोठी कामं अशीच सुरू होतात म्हणतात. घरी येताना वहिनींनी एवढंच विचारलं, “कधी आणताय?” आता माघार घेणं शक्य नव्हतं.

जागा म्हणजे इमारतीची गच्ची. गच्ची सगळ्यांची, म्हणजे चेअरमनची. चेअरमन वजनमापांच्या खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. कुठल्याही गोष्टीकडे ते आधी ती कमी भरेल याच नजरेने बघत. त्यांनी समितीची बैठक बोलावली, आणि बैठकीत सगळ्यांनी सल्ले दिले. तळमजल्यावरच्यांना वाटलं की पॅनेलने सगळं ऊन ओढून घेतलं तर आपल्या खिडकीत येणारं कमी होईल. वरच्या मजल्यावरच्यांना वाटलं की ते फिरताना छताला भोक पडेल. एका काकूंनी फक्त ते रात्री कुठे बघतं, असं विचारलं. अंदाजरावांनी प्रत्येकाला शांतपणे उत्तर दिलं, त्यामुळे बैठक फार लांबली.

शेवटी चेअरमननी अट घातली. जिन्यातल्या कुंड्यांना आणि फरशा धुवायला पाणी पुरवणारी गच्चीवरची छोटी टाकी पॅनेलच्या विजेवर पंप लावून भरायची. वार्षिक सभेच्या दिवशी सगळ्यांसमोर रिकामी टाकी काठोकाठ भरून दाखवली तर पॅनेल राहील, नाहीतर उतरेल. “काठोकाठ,” चेअरमन पुन्हा म्हणाले. “मधलं काही आम्ही मोजत नाही.”

वहिनींची अट वेगळी होती. “माझ्या दोरीला हात लावायचा नाही.”

मग वेल्डर झाला. खांब, त्यावर चौकट, चौकटीवर दोन पॅनेलं आणि खाली मोटर, असं चित्र अंदाजरावांनी त्याच्यासमोर धरलं. वेल्डरने ते उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं आणि खाली ठेवलं.

“साहेब, हललेली वस्तू पक्की करून द्या म्हणून लोक येतात माझ्याकडे. तुम्ही पक्की वस्तू हलती करायला आलात.”

“हलायला हवी, पण डळमळायला नको.”

“असं तर माझी बायको मला सांगते,” वेल्डर म्हणाला आणि त्याने चष्मा डोळ्यांवर ओढला.

पॅनेल उभं राहिलं ते खरोखर देखणं. त्याच्या माथ्यावर अंदाजरावांनी उजेड ओळखणारे दोन काचेचे डोळे बसवले होते आणि दोघांच्या मध्ये एक छोटी भिंत. सूर्य एका बाजूला सरकला की भिंतीची सावली एका डोळ्यावर पडायची, दुसऱ्याला उजेड जास्त मिळायचा आणि मोटर कुरकुर करत चौकट त्या बाजूला वळवायची. पहिल्या दिवशी अंदाजरावांनी खात्यातून रजा घेतली आणि खुर्ची टाकून पॅनेलसमोर बसले. सूर्य सरकला, पॅनेल सरकलं. सूर्य आणखी सरकला, पॅनेलही सरकलं. अंदाजरावांचे डोळे भरून आले. आयुष्यभर त्यांनी आभाळाविषयी जे जे सांगितलं त्याला आभाळाने कधी मान दिला नव्हता. आज निदान त्यांची एक वस्तू तरी आभाळाच्या मर्जीने चालत होती.

दुसऱ्या दिवशी वहिनी गच्चीवरून खाली आल्या त्या बादली न ठेवताच बोलल्या.

“अहो, तुमचं यंत्र माझ्या चादरीकडे बघतंय.”

अंदाजराव धावत वर गेले. सूर्य ढगाआड होता, पण वहिनींची नवी पांढरी चादर ओल्या अंगाने लखलखत होती. पॅनेलने सूर्याकडे पाठ फिरवली होती आणि ते त्या चादरीसमोर तल्लीन होऊन उभं होतं. ढग सरकला की सूर्याकडे वळायचं, ढग आला की पुन्हा चादरीकडे. असं दिवसभर चाललं. संध्याकाळी हिशेब केला तेव्हा मिळालेली सगळी वीज पॅनेलने इकडेतिकडे वळण्यातच खर्च केली होती. ढगाळ दिवशी उजेड एका जागेहून येत नाही, तो सगळ्या आभाळात पसरलेला असतो, त्यामुळे तेव्हा सूर्याचा पाठलाग करण्याऐवजी पॅनेलने आडवं पडून सगळ्या आभाळाकडे बघायचं असतं, हे अंदाजरावांना ठाऊक होतं. ते त्यांनी पॅनेलला सांगायचं राहून गेलं होतं, एवढंच.

त्यांनी ते सांगितलं, म्हणजे तशी जोडणी केली. पण अर्धवट ढगाच्या दिवसाचं काय? त्या दिवशी समोरच्या इमारतीतल्या दंतवैद्यबाई तावातावाने आल्या.

दंतवैद्यबाईंच्या दवाखान्यावर पाटीऐवजी चकचकीत स्टीलचा एक मोठा दात लावलेला होता. ऊन पडलं की तो दात असा चमके की रस्त्यावरची माणसं डोळ्यांवर हात धरत. पॅनेलला तो दात आवडला होता.

“माझे पेशंट आधीच घाबरलेले असतात,” दंतवैद्यबाई म्हणाल्या. “त्यात खुर्ची मागे केली की खिडकीतून समोर तुमचं ते काळं काहीतरी हळूहळू वळतं आणि आत बघतं. आज एक गृहस्थ तोंड मिटेनात. म्हणाले, ते माझ्या तोंडात बघतंय.”

“ते बघत नाही हो. ते फक्त उजेडाकडे वळतं.”

“मग त्याला सांगा, माझ्या पेशंटांच्या तोंडात उजेड नाही.”

चेअरमननी या तक्रारीवर ताबडतोब ठराव केला की पॅनेलने शेजाऱ्यांच्या खासगी आयुष्यात लक्ष घालू नये. अंदाजरावांनी प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण कापून पॅनेलच्या डोळ्यांना झापडं केली. झाकण गेल्याचं वहिनींना दोन दिवसांनी कळलं, पण तेव्हा त्यांच्यासमोर त्याहून मोठा प्रश्न होता. त्यांचे वाढायचे डाव नाहीसे झाले होते.

डावांचं असं झालं. एका संध्याकाळी जोराचा वारा सुटला. त्या वेळी पॅनेल मावळत्या सूर्याकडे तोंड करून जवळजवळ उभं होतं. वाऱ्याने ते पाठीमागून धरलं. चौकट आधी थरथरली, मग डोलू लागली आणि मग तिने अशी काही उसळी घेतली की खांबाचे बोल्ट किंचाळले. अंदाजराव दोन्ही हातांनी चौकटीला लटकले आणि चौकटीबरोबर खालीवर होऊ लागले. त्यांचं वजन वाऱ्याला पुरेसं वाटेना. अखेर वहिनी आल्या, त्यांनी दुसरं टोक धरलं आणि मग वारा थांबला. वाऱ्यात पॅनेल आडवं झोपवायचं, म्हणजे वाऱ्याला धरायला काही मिळत नाही, हे त्या संध्याकाळी अंदाजरावांच्या खांद्यांना समजलं. पुढे आठवडाभर त्यांना शर्ट घालता येत नव्हता.

वाऱ्याचा वेग मोजायला चार वाट्या असलेलं फिरकं लागतं. खात्यातलं फिरकं खात्यातच ठेवायचं असतं. तेव्हा अंदाजरावांनी स्वयंपाकघरातले चार खोलगट डाव घेतले, दांड्यांना वळण दिलं, एका चाकावर बांधले आणि पॅनेलशेजारी उभे केले. वारा वाढला की डाव गरागरा फिरत, मोटरला खूण जाई आणि पॅनेल मुकाट्याने आडवं होई. अंदाजरावांनी केलेल्या सगळ्या कामांत हे एक काम खरोखर सुबक झालं होतं.

“आणि आमटी मी कशाने वाढायची?” वहिनींनी विचारलं.

“वाटीने.”

“ठीक आहे. पण पाहुणे आले की माझे डाव मला परत हवेत.”

“अर्थातच,” अंदाजराव म्हणाले. त्या घरात पाहुणे क्वचित येत, म्हणून त्यांनी हे वचन हसत दिलं आणि लगेच विसरलेसुद्धा.

आता फक्त वीज कार्यालयाची मंजुरी राहिली होती. सकाळी एक निरीक्षक आले, त्यांनी पॅनेलभोवती प्रदक्षिणा घातली आणि नोंद केली : ‘तोंड पूर्वेस.’ ही नोंद तपासायला त्यांचे वरिष्ठ आले ते दुपारचं जेवण आटोपून. त्यांनी कागद पाहिला, पॅनेल पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“नोंदीत पूर्व आहे. जागेवर पश्चिम आहे.”

“साहेब, ते फिरतं. सूर्यही सकाळी पूर्वेला होता.”

“सूर्याची नोंद आमच्या कार्यालयात नसते. नोंदीप्रमाणे वस्तू दाखवा.”

“मग नोंद बदला ना.”

“आणि उद्या सकाळी कोणी पुन्हा तपासायला आलं तर?”

खातं वेगळं असलं तरी अंदाजराव स्वतःही सरकारी माणूसच होते आणि वरिष्ठांचं म्हणणं चुकीचं नाही, हे त्यांना आतून पटत होतं. त्यांनी चौकटीला मिठी मारली, रेटून ती पूर्वेकडे वळवली आणि तशीच धरून ठेवली. मोटर तिला पश्चिमेकडे ओढत होती, अंदाजराव पूर्वेकडे. वरिष्ठांनी सावकाश चष्मा पुसला, सावकाश सही केली आणि वर म्हणाले, “आता कसं नोंदीप्रमाणे झालं.” अंदाजरावांनी हात सोडताच पॅनेल एका झटक्यात सूर्याकडे वळलं आणि त्याची कड त्यांच्या कानावर बसली.

वार्षिक सभेचा रविवार उजाडला. त्याआधी शनिवारी संध्याकाळी वहिनींनी सहज सांगितलं होतं की उद्या ताई आणि साडूभाऊ जेवायला येणार आहेत, सभाही बघायची म्हणतात. अंदाजरावांना साडूभाऊंच्या येण्याचा आनंदच झाला. त्यांच्यासमोर टाकी काठोकाठ भरायची होती. त्यातच शनिवारी दुपारी त्यांनी खात्यातून रविवारचं हवामान स्वतःच्या सहीने पाठवलं होतं : ‘आकाश निरभ्र, वारा मंद.’ सगळं जुळून आलं होतं.

सकाळी चहाचा कप घेऊन ते खिडकीशी उभे राहिले आणि छाती पुढे काढून म्हणाले, “आज दिवसभर लख्ख ऊन. निरभ्र!”

वहिनींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “चादरी बऱ्याच आहेत. आत मावायच्या नाहीत. आज वरच घालते.”

एरवी अंदाजराव या वाक्याने हरखले असते. पण आत मावत नाहीत म्हणून वर जाणं आणि तुम्ही म्हणता म्हणून वर जाणं यातला फरक त्यांना कळत होता.

गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या. सुट्टीचा दिवस म्हणून सगळ्यांच्या दोऱ्या कपड्यांनी वाकल्या होत्या. साडूभाऊ पहिल्या रांगेत पाय लांब करून बसले. दंतवैद्यबाई तक्रारदार या नात्याने आल्या होत्या. चेअरमननी टाकीचं झाकण काढलं, आत हात घालून ती कोरडी असल्याची खात्री केली आणि पंप सुरू करायची परवानगी दिली. ऊन कडकडीत होतं. पॅनेलने सूर्याकडे तोंड केलं, पंप घुमू लागला आणि पाणी टाकीत पडू लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी गच्चीच्या टोकाला चादरी सारख्या करत उभ्या होत्या, त्यांनीसुद्धा मान वर करून पाहिलं.

आणि तेव्हाच अंदाजरावांची नजर फिरक्यावर गेली. चाकाला चार वाकड्या तारा होत्या. डाव नव्हते.

ते वहिनींजवळ गेले आणि ओठ न हलवता म्हणाले, “अगं, डाव?”

“ताई येतेय ना जेवायला. सकाळीच सोडून नेले. वचन दिलं होतंत तुम्ही.”

वचन दिलं होतं हे खरं होतं. वारा मंद आहे, आपलीच सही आहे, डावांवाचून एक दिवस भागेल, असं अंदाजरावांनी मनाला समजावलं आणि ते टाकीजवळ येऊन उभे राहिले. टाकी पाव भरली. मग अर्ध्याला आली. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की दोऱ्यांवरचे कपडे अजिबात हलत नाहीयेत.

हवा पडली होती. नुसती पडली नव्हती, दम धरून बसली होती. समोरच्या इमारतींच्या मागे आभाळाच्या कडेला मातकट रंगाची एक पट्टी दिसत होती, सकाळी ती तिथे नव्हती. नाकात धुळीचा वास आला. खात्यातल्या इतक्या वर्षांत त्यांनी हे सगळं पाहिलं होतं आणि दर वेळी कागदावर काय लिहिलंय ते बघून गप्प बसले होते. पॅनेल अर्धवट उभं होतं, सूर्याकडे तोंड करून. वारा आला तर ते उखडणार. आत्ता आडवं केलं आणि वारा आला नाही, तर टाकी अर्धीच राहणार, पॅनेल उतरणार, आणि साडूभाऊ मरेपर्यंत ही गोष्ट सांगत राहणार.

“पंप थांबवतो,” अंदाजराव म्हणाले. आवाज कसाबसा निघाला. “पॅनेल आडवं करावं लागेल. वारा येतोय. मोठा येतोय. सगळ्यांनी कपडे काढून घ्या.”

सगळी गच्ची हसली.

चेअरमननी खिशातून वर्तमानपत्राची घडी काढली. वजनमापांच्या खात्याची सवय. त्यांच्याकडे कशाचा ना कशाचा पुरावा असेच. “आकाश निरभ्र, वारा मंद,” त्यांनी मोठ्याने वाचलं. “हे तुमच्याच खात्याचं ना?”

“माझ्याच सहीने गेलंय ते.”

“मग काल खोटं होतं की आज खोटं आहे?”

“काल चुकलं,” अंदाजराव म्हणाले. लोक आणखी हसले. पण त्यांनी मोटरचा खटका ओढला. पंप अडखळत बंद पडला. लख्ख उन्हात, निळ्या आभाळाखाली, सूर्याच्या मागे फिरण्यासाठी बांधलेलं ते यंत्र कुरकुरत खाली आलं आणि आडवं झालं.

“झोपलं की हो!” साडूभाऊ म्हणाले. “म्हणून मी म्हणतो, खिळा ठोकावा. विषय संपतो.”

अंदाजरावांनी कोणाकडेच पाहिलं नाही. वहिनींकडे तर नाहीच नाही. ते चौकटीचे पट्टे आवळत राहिले. चेअरमन टाकीत पट्टी बुडवून पाणी अर्धंच असल्याचं सगळ्यांना दाखवत होते आणि ठरावाला अनुमोदन कोण देतंय असं विचारत होते. अनुमोदन द्यायला तळमजल्यावरच्यांनी हात वर केला.

तो हात वर असतानाच वारा आला.

आधी टाकीचं झाकण गेलं. मग एकामागोमाग खुर्च्या घसरत कठड्याला जाऊन आदळल्या. धुळीने डोळे भरले, लोक एकमेकांना धरून खाली बसले आणि त्यांच्या डोक्यांवरून सगळ्या इमारतीचं धुणं उडू लागलं. शर्ट गेले, टॉवेल गेले, उशांचे अभ्रे गेले. चेअरमनचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा दोन्ही पाय फाकवून रस्ता ओलांडून गेला आणि स्टीलच्या दाताला गुंडाळला गेला. पॅनेल आडवंच होतं. त्याच्या वरून आणि खालून वारा शिट्टी घालत गेला. ते थोडं गुणगुणलं, पण जागचं हललं नाही.

वारा गेला तेव्हा सगळे एकसारखे मातीच्या रंगाचे झाले होते. चेअरमनच्या हातात वर्तमानपत्राचा एक कोपरा उरला होता. दंतवैद्यबाई आपल्या दाताकडे आणि चेअरमनकडे आळीपाळीने बघत होत्या.

“तो कोणाचा आहे?” त्यांनी विचारलं.

“ठराव मंजूर,” चेअरमन घाईघाईने म्हणाले. “पॅनेल राहील. अर्धी टाकी पुरेशी आहे. सभा संपली.” आणि ते जिना उतरून गेले.

त्याच वेळी साडूभाऊंचा फोन वाजला. त्यांच्या शेजाऱ्याचा होता. साडूभाऊ बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. “सगळंच?” एवढंच त्यांनी विचारलं. “आणि खिळे?” खिळे छपरातच होते, असं पलीकडून सांगितलं गेलं असावं. पॅनेल मात्र शेजाऱ्याच्या भाजीच्या वाफ्यात होतं.

लोक अंदाजरावांभोवती जमले. उद्या काय, परवा काय, पुढच्या आठवड्यात लग्न आहे त्या दिवशी काय, असे प्रश्न विचारू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच लोक त्यांना हवेविषयी विचारत होते. पण त्यांचं लक्ष गच्चीच्या टोकाकडे होतं. वहिनींची दोरी रिकामी होती. नवी पांढरी चादरसुद्धा नव्हती. बाकीच्यांचे कपडे उडाले त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं, पण ती दोरी पाहून त्यांना एकदम रडू आल्यासारखं झालं. वहिनींनी आज कधी नव्हे ते कपडे वर घातले होते.

ते जड पावलांनी घरी आले. पलंगावर चादरींची घडी होती. घडीवर घडी, कोपऱ्याला कोपरा जुळवून, वर ती पांढरी चादर. मातीचा एक कणही नव्हता. स्वयंपाकघरात वहिनी डाव धूत होत्या.

“कधी काढल्यास?” अंदाजरावांनी दारातूनच विचारलं.

“तुम्ही काढा म्हणालात तेव्हा.”

“तेव्हा तर सगळे हसत होते.”

“मी कुठे हसत होते? मी कपडे काढत होते.”

अंदाजराव स्टुलावर बसले. म्हणाले, “माझ्या शब्दावर? इतक्या वर्षांत कधी नाही, आणि आज?”

वहिनींनी डाव पुसला. “शब्दावर नाही हो. तोंडाकडे बघते मी. रोज बघते. तुम्ही छाती पुढे काढून, ठणकावून सांगता ना, तेव्हा हमखास चुकता. कागदात लिहिलेलं सांगत असता. आज सकाळीही तसंच केलंत, नाइलाज होता म्हणून वर गेले. पण मघाशी गच्चीवर तुमचं तोंड इतकं उतरलं होतं, आवाज असा कापत होता, की म्हटलं हे खरं आहे. हे यांना स्वतःला दिसलंय.”

अंदाजरावांना हे कौतुक आहे की अपमान आहे, हे जेवण होईपर्यंत ठरवता आलं नाही. साडूभाऊ त्या दिवशी मुकाट्याने जेवले आणि आमटी दोनदा मागितली.

दुसऱ्या दिवशी अंदाजरावांनी फिरकं काढून टाकलं आणि डाव कायमचे स्वयंपाकघरात पाठवले. त्याऐवजी त्यांनी वहिनींच्या दोरीच्या टोकाला एक स्प्रिंग बसवली आणि तिची तार मोटरला जोडली. वहिनींना विचारून, अर्थातच. दोरीवर कपड्यांचं वजन असलं की पॅनेल सूर्याच्या मागे फिरायचं. कपडे निघाले किंवा घातलेच नाहीत की ते निमूट आडवं व्हायचं. अजूनपर्यंत ते यंत्र एकदाही चुकलेलं नाही.

मध्ये एका सकाळी चेअरमन कुंड्यांना पाणी घालायला वर आले. ऊन चांगलं पडलं होतं, पण वहिनींची दोरी रिकामी होती आणि पॅनेल आडवं होतं. अंदाजराव छत्री घेऊन कामावर निघाले होते.

“एवढं ऊन असताना आज हे झोपलं कसं?” चेअरमननी विचारलं.

“सकाळी माझ्या तोंडून निघून गेलं,” अंदाजराव म्हणाले, “की आज दिवसभर लख्ख ऊन पडणार. अगदी ठणकावून म्हणालो हो.”

चेअरमननी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा अंदाजरावांच्या छत्रीकडे पाहिलं, हातातली झारी खाली ठेवली आणि स्वतःच्या दोरीवरचा पायजमा काढायला धावले.